दम आधी, वेग मागाहून



रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात पहाटे पाचच्या सुमारास रस्त्यावर येऊन उभे राहा. पोलीस किंवा सैन्य भरतीचे दिवस जवळ आले असतील, तर अंधारात पावलांचा आवाज येतो. चार-दोन मुले, कधी दोन-तीन मुलीही, जीव तोडून पळत असतात. पहिल्या दिवशी जेवढे पळवेल तेवढे पळायचे, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, असा त्यांचा हिशेब. पंधरा दिवस हे चालते. मग एकाची नडगी दुखू लागते, दुसऱ्याच्या पोटरीत गोळा येतो आणि तिसरा घरी बसून म्हणतो, "आपल्या अंगातच नाही ते. घाटावरच्या पोरांचं काम हे."

मला आज बोलायचे आहे ते या एका वाक्याविषयी. "आपल्या अंगातच नाही." हे खरे आहे काय? याचे उत्तर इतिहासात शोधायचे म्हटले, तर आपल्याच जिल्ह्यापासून आरंभ करावा लागतो.

मुरुडचे धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी अण्णासाहेब कर्वे, हे आपल्या दापोली तालुक्यातले. जन्म १८५८ चा. सतरा वर्षांचे असताना, १८७५ साली, त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. पावसाळ्याच्या दिवसांत कोकणच्या बंदरांतून मुंबईला जाणे म्हणजे जिवावरची गोष्ट, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी साताऱ्याची वाट धरली. आगगाडी नाही, मोटार नाही. पायी निघाले. चिखल तुडवीत, व्हाळ ओलांडीत, सह्याद्री चढून ही मुले शंभर मैलांहून अधिक चालली आणि वेळेवर साताऱ्यास पोहोचली. पुढे काय झाले ते शिक्षक मंडळींना ठाऊक आहे. परीक्षा घेणाऱ्यांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि "हा सतरा वर्षांचा दिसत नाही" म्हणून त्याला परत पाठविले!

आता यातली गंमत पाहा. ज्याला पाहून सतरा वर्षांचाही वाटला नाही, तोच शंभर मैल चालून आला होता. दम चेहऱ्यावर दिसत नाही, दंडावर दिसत नाही. तो आत असतो. हेच अण्णासाहेब पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवून पुण्याहून हिंगण्याच्या आश्रमात पायी जात, तेही चिखलाच्या वाटेने, आणि १०४ वर्षांचे आयुष्य जगून १९६२ साली गेले. त्यांनी कधी धावण्याचा सराव केला नव्हता. मग हा दम आला कुठून? रोजच्या चालण्यातून. शाळेला चालत, बाजाराला चालत, नातलगाकडे चालत. शरीर कमावण्यासाठी त्यांना वेगळा वेळ काढावा लागला नाही, कारण दिवसच तसा होता.

असे चालणारे आणि धावणारे पाय आपल्याकडे शतकानुशतके होते. मराठेशाहीत पत्रे पोहोचविणारे जासूद आणि कासीद होते. वाटेत एकाला काही झाले तर दुसऱ्याने पत्र न्यावे, म्हणून त्यांना पुष्कळदा जोडीने धाडीत. १६६० च्या जुलैमध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे भर पावसात, रात्रीच्या अंधारात निघालेले मावळे आणि पालखीचे भोई तर मुलांच्या पाठ्यपुस्तकातच आहेत. विशाळगड आपल्या जिल्ह्याच्या अगदी शिवेवर. इंग्रजी अमदानीत डाकवाला आला. खांद्यावर टपालाची थैली, हातात घुंगरू बांधलेली काठी. तो आपला टप्पा दुडक्या चालीने पुरा करी आणि थैली पुढच्या गड्याच्या हवाली करी. घुंगरांच्या आवाजाने जनावर दूर जाई आणि वाटेवरच्या वाडीला टपाल आल्याचे कळे.

या डाकवाल्याच्या चालीकडे जरा लक्ष द्या. तो उर फुटेस्तोवर पळत नसे. तसा पळता तर टप्पा गाठण्याआधीच बसला असता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच टप्पा कोणी करायचा? त्याची चाल अशी असे की उद्याही चालता यावे. नवशिक्या धावणाऱ्याने शिकायचा पहिला धडा हाच, आणि तो आपल्याला कोणा साहेबाकडून शिकावा लागलेला नाही.

पण श्रोतेहो, इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. "पूर्वीची माणसे काटक, आताची पोरे मऊ" असे म्हणून आपण सुस्कारा टाकतो, ते काही बरे नव्हे. जासूद, भोई, डाकवाला हे हौसेने धावत नव्हते. पोटासाठी धावत होते. ती गरिबीची चाल होती, आणि तिच्यात कितीजणांची गुडघ्यांची वाटी झिजली, कितीजण वाटेत तापाने पडले, याची नोंद कोणी ठेवली नाही. एस.टी. आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, दारात मोटारसायकल आली, हे चांगलेच झाले. फक्त एवढे ओळखले पाहिजे, की जे बळ पूर्वी दिवस आपोआप देत असे, ते आता समजून-उमजून कमवावे लागते. आणि कमवायचे म्हटले की त्याची रीत आली.

ही रीत आपल्याकडे कशी नव्हती आणि मग जगात ती कशी सापडली, याचीही एक कथा आहे.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. धावायला आलेले पुष्कळसे शेतकऱ्यांचे मुलगे. त्यांना ना नियम ठाऊक, ना सरावाची पद्धत. पायांत काही नाही. पण त्यांच्या वेळा पाहून दोराबजी चकित झाले. युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणारी ही पोरे, यांना ऑलिंपिकला का धाडू नये? त्यांनी खटपट केली, पैसा उभा केला, आणि १९२० साली बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटासा संघ गेला. त्यात लांब पल्ल्याचे दोन मराठी मुलुखातले धावपटू होते, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव विश्वनाथ दातार.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. त्या वर्षीचे अंतर होते ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षाही साडेपाचशे मीटरहून जास्त. हवा थंड, वरून पाऊस. बेळगावच्या चौगुल्यांनी ही शर्यत २ तास ५० मिनिटे आणि ४५ सेकंदांत पुरी केली आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. परका देश, परके अन्न, परकी हवा, आणि जगातल्या निवडक धावणाऱ्यांत एकोणिसावा! ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि तरीही आज आपल्या किती शाळांत हे नाव मुलांना ठाऊक आहे? शिक्षकहो, उद्याच्या परिपाठात पाच मिनिटे या नावाला द्या, एवढी माझी विनंती आहे.

ती शर्यत जिंकली फिनलंडच्या हॅनेस कोलेमाइनेनने, २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत. म्हणजे चौगुल्यांच्या पुढे अठरा मिनिटे. ही अठरा मिनिटे कोठून आली? फिनलंडच्या माणसाला काही तिसरा पाय नव्हता. कोलेमाइनेन १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून वर्षानुवर्षे शर्यतींत मुरलेला होता. त्याच्या देशात धावण्याचा विचार करणारी माणसे होती, वेळ मोजणारी घड्याळे होती, एकाचा अनुभव दुसऱ्याला मिळत होता. त्याच्यामागून आलेला पावो नुर्मी तर हातात घड्याळ धरून धावे. १९२४ साली पॅरिसला त्याने १५०० मीटर आणि ५००० मीटर या दोन्ही शर्यती एकाच दिवशी जिंकल्या, मध्ये दोन तासांचीही विश्रांती नसताना. चौगुल्यांजवळ पाय होते, छाती होती, मन होते. नव्हती ती फक्त रीत.

पुढच्या चाळीस वर्षांत ही रीत हळूहळू उलगडत गेली. स्वीडनच्या गोस्ता होल्मर याने १९३० नंतरच्या दशकात एक खेळकर पद्धत काढली. मैदानात गोल गोल न फिरता रानवाटेने जायचे, मनाला येईल तेव्हा थोडे जोरात, मग पुन्हा सावकाश. त्यांनी तिला नाव दिले फार्टलेक, म्हणजे वेगाचा खेळ. आपल्या भाषेत सांगायचे तर, या माडापासून त्या माडापर्यंत जोरात आणि पुढच्या चार माडांपर्यंत आरामात!

मग आला चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. सैन्यातला गडी. लष्करी बूट घालून रानात धावे. चारशे मीटर जोरात, मग थोडे सावकाश, पुन्हा चारशे मीटर, असे कितीतरी वेळा. धावताना त्याचा चेहरा असा पिळवटे की पाहणाऱ्याला वाटावे, हा आता पडतो! पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५०००, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके घेतली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. याच हेलसिंकीला आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, हे सांगायला नकोच.

आणि सर्वांत महत्त्वाचा धडा दिला तो न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड याने. हा बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस. त्याने आधी स्वतःवर प्रयोग केले आणि मग शेजारपाजारची पोरे हाताशी धरली. त्याचे म्हणणे असे, की धावण्याचे अंतर कितीही लहान असो, आधी सावकाश आणि लांब धावून दमाचा पाया घालायचा. मग टेकड्या चढायच्या. वेगाचे काम शेवटच्या काही आठवड्यांत. लोक हसले. आठशे मीटर धावणाऱ्याला बावीस-बावीस मैल कशाला पळवायचे? उत्तर मिळाले १९६० साली रोममध्ये. लिडियार्डच्या पीटर स्नेलने आठशे मीटरचे सुवर्णपदक घेतले, आणि त्याच दिवशी त्याच्याच मरे हॅलबर्गने पाच हजार मीटरचे. हॅलबर्गचा डावा हात खेळातल्या दुखापतीने निकामी झालेला होता, हेही लक्षात ठेवा.

त्याच रोमला इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. चार वर्षांनी टोकियोला तो बूट घालून धावला, आणि तरीही जिंकला. तेव्हा "महागाचे बूट नाहीत म्हणून थांबलो" असे कोणी म्हणू नये, आणि "अनवाणीच धावले पाहिजे" असा हट्टही धरू नये. जांभ्याच्या खडीवर साधे, पायाला न चावणारे बूट बरे. ओल्या पुळणीवर अनवाणी बरे.

आता आपल्याच काळातली आणि आपल्याच राज्यातली साक्ष देतो. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथले अविनाश साबळे. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा-सात किलोमीटरवर, तेव्हा चालत-धावत जायचे. बारावीनंतर सैन्यात गेले, आणि तिथे पुढे धावण्याला शिस्त लागली. तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत २०१८ साली त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देऊन सदतीस वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक, सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. २०२३ मध्ये हांगझाऊला आशियाई सुवर्णपदक. २०२४ मध्ये पॅरिसच्या एका स्पर्धेत ८ मिनिटे ९.९१ सेकंद.

हे आकडे मी मुद्दाम सांगितले. २०१८ ते २०२४, सहा वर्षे. सुधारणा किती? वीस सेकंदांच्या आत. देशातला अव्वल माणूस, रोज सराव, उत्तम मार्गदर्शन, आणि सहा वर्षांत वीस सेकंद. आणि आपला भरतीचा गडी पंधरा दिवसांत दोन मिनिटे कमी करायला निघतो! अर्थात नवशिक्याची सुधारणा सुरुवातीला भराभर होते हे खरे. पण पंधरा दिवसांत नव्हे.

मुलींच्या आयांनाही दोन नावे सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचे रौप्यपदक मिळविले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. या दोघीही खेड्यातल्या. तेव्हा पोरगी धावायला निघाली तर तिला परकर-पदराची आठवण करून देण्याऐवजी तिच्याबरोबर कोणी मोठे माणूस रस्त्याच्या कडेला उभे राहील एवढे पाहा.

आता "दम आधी" असे का, ते शरीराच्या अंगाने समजून घेऊ. सावकाश आणि बराच वेळ धावत राहिले की हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते. स्नायूंमध्ये रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढतात. स्नायू प्राणवायू चांगला वापरू लागतात. हे फळ काही आठवड्यांत दिसू लागते आणि गडी खूश होतो. धाप कमी झाली, आता वाढवू या जोर! आणि इथेच घात होतो. कारण हाडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या यांना पक्के व्हायला महिने लागतात. दम तयार झाला, पण नडगी तयार नाही. नव्या बैलाला अंगात जोर आला म्हणून पहिल्याच दिवशी आपण भरल्या गाडीला जुंपतो काय? मानेला जू मुरावे लागते. तसेच हे.

आणि हे नुसते दुखण्याखुपण्याचे प्रकरण नाही. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावताना काही तरुण उमेदवार प्राणाला मुकले. उकाडा होता, हवा दमट होती. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. आज पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. अंतर कमी झाले, पण आपल्या कोकणची हवा तीच आहे. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणून धावायचे ते पहाटे किंवा उन्हे कलल्यावर. आधी-मागाहून पाणी प्यायचे, घाम फार गेला तर मीठ घातलेली पेज किंवा कोकमाचे सरबत घ्यायचे. डोके गरगरले, अंगावर काटा आला, बोलणे अडखळू लागले, तर तत्काळ थांबून सावलीत बसायचे, अंगावर पाणी घ्यायचे, आणि सोबत्यांनी दवाखान्याची वाट धरायची. मर्दुमकी दाखविण्याची ती वेळ नव्हे.

मग रीत कोणती? मी बारा आठवड्यांचा एक सोपा क्रम सांगतो. शिक्षकहो, हा फळ्यावर लिहून ठेवता येईल. आरंभीच एक सूचना. ज्याला छातीचा विकार, दमा किंवा फिट यांचा त्रास आहे, किंवा ज्या मुलीला जिना चढतानाच धाप लागते, त्यांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुष्कळ मुलींच्या अंगात रक्त कमी असते, आणि रक्त कमी असताना नुसते पळवून दम वाढत नाही.

पहिले चार आठवडे. आठवड्यातून चार दिवस, एक दिवस आड. पहिल्या आठवड्यात एक मिनिट दुडक्या चालीने धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, असे दहा वेळा. झाला अर्धा तास. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. तिसऱ्यात चार मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे. चौथ्याच्या अखेरीस वीस मिनिटे सलग. वेग किती? शेजारच्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. "काल बाजारात सुरमई काय भावाने होती?" हे एका दमात विचारता आले, तर वेग बरोबर. दोन शब्दांत अडखळलात, तर वेग जास्त. ही डाकवाल्याची चाल. हिची लाज वाटता कामा नये. रस्त्याच्या कडेचे लोक हसतील, त्यांना हसू द्या.

पाचवा ते आठवा आठवडा. चार दिवसच. तीन दिवस अर्धा तास सलग, त्याच बोलत्या चालीने. त्यातल्या एका दिवशी मध्ये माडापासून माडापर्यंतचा खेळ, सहा ते आठ वेळा, हसत-खेळत, जीव न तोडता. चौथा दिवस लांब पल्ल्याचा. चाळीस मिनिटांपासून आरंभ करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवायची. आपल्याकडे यासाठी जागेची काय वाण आहे? गुहागरची लांबलचक पुळण आहे, भाट्याची आहे. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची घट्ट ओली वाळू निवडा. मात्र किनारा उतरता असतो, एक पाय वर आणि एक खाली पडतो, म्हणून जितके जाल तितके त्याच वाटेने परत या. उन्हाळी सडा उत्तम. पावसाळ्यात त्याच सड्यावर शेवाळ धरते, तिकडे मुळीच जाऊ नका.

नववा ते बारावा आठवडा. आता वेग. चारपैकी दोन दिवस पूर्वीसारखेच सावकाश. एक दिवस घाटीचा. गावातली एखादी बेताच्या चढाची वाट घ्या, अर्धा मिनिट जोरात चढा, चालत खाली या. असे सहा वेळा. उतरताना धावू नका, गुडघे उतारावर दुखावतात. आणि एक दिवस मोजून धावण्याचा. चारशे मीटर चार वेळा, मध्ये तीन मिनिटे चालणे. शेवटचा आठवडा हलका ठेवा. पेरलेले उगवायला विश्रांतीही लागते.

"आमच्या शाळेला ट्रॅक कुठाय?" असे शिक्षक विचारतील. नसू द्या. साठ मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद असा चौकोन चुन्याने आखा. त्याची एक फेरी दोनशे मीटर. आठ फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. वर्गातल्या मुलांकडूनच हे मोजून घ्या, गणिताचा तास कारणी लागेल.

आणि गणितावरून आठवले. समजा मुलाला १६०० मीटर सहा मिनिटांत धावायचे आहे. म्हणजे चारशेला नव्वद सेकंद. चार वेळा नव्वद, तीनशे साठ सेकंद. पण भरतीच्या दिवशी शिट्टी वाजली की सगळे सुसाट सुटतात, हाही सुटतो. पहिले चारशे पंचाहत्तर सेकंदांत. वा! मग छाती भरून येते, पाय जड होतात. दुसरे पंचाण्णव, तिसरे शंभर, चौथे एकशे पाच. बेरीज करा. तीनशे पंचाहत्तर. सहा मिनिटे पंधरा सेकंद! पहिल्या फेरीत पंधरा सेकंद कमावले आणि पुढच्या तीन फेऱ्यांत तीस गमावले. म्हणून पहिली फेरी हात आखडून धावायची. नव्वद सेकंदांची चाल पायांना नीट ओळखीची व्हावी, यासाठीच ते मोजून धावणे.

खाण्याविषयी फार सांगत नाही. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, भात, मासळी, डाळ, पालेभाजी, हे आपले रोजचे अन्न नवशिक्याला पुरेसे आहे. डब्यातल्या महागड्या भुकटीवाचून काही अडत नाही. झोप मात्र सात-आठ तास हवी. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहून पहाटे पाचला धावणाऱ्याचे शरीर भरून निघत नाही.

श्रोतेहो, लोकमान्य टिळकांचा जन्म याच रत्नागिरीतला, १८५६ चा. प्रकृती किरकोळ. डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष व्यायामाला वाहून घेतले, आणि त्या वर्षी परीक्षेत नापास झाले. लोकांना तो तोटा वाटला असेल. पण पुढे मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढताना तेच वर्ष कामी आले. मी मुलांना नापास व्हायला सांगत नाही! एवढेच सांगतो, की शरीर कमवायला त्यांनी वर्ष दिले. आपण बारा आठवडे तरी देऊ.

म्हणून पहाटे पळणाऱ्या त्या मुलाला पुन्हा भेटा. त्याला सांगा, "बाळा, अंगात आहे तुझ्या. तुझ्या खापरपणज्याच्याही होतं. फक्त त्याला ते दिवसानं दिलं होतं, तुला ते रीतीनं मिळवावं लागेल. आज हळू धाव, म्हणजे उद्या धावता येईल." आणि शिक्षकहो, भरतीची जाहिरात लागण्याची वाट पाहू नका. आठवी-नववीतच या मुलामुलींना आठवड्यातून चार दिवस बोलत्या चालीने धावायला लावा. त्यांतला एखादा पुढे अँटवर्पच्या चौगुल्यांसारखा परदेशी जाईल की नाही, कोण सांगावे. पण भरतीच्या मैदानावर कोसळून पडणार नाही, आणि "आपल्या अंगातच नाही" असे म्हणत घरी बसणार नाही.